तीन पिढ्या, एक वाचनालय: बडोद्यातील वाचन-उपक्रमांचा वर्षभराचा अनुभव

आमच्या घरातील तीन जण गेल्या वर्षीच्या मे महिन्यापासून एकाच सार्वजनिक वाचनालयाचे सभासद आहेत: माझा ९ वर्षांचा मुलगा, मी स्वतः आणि ७९ वर्षांचे माझे सासरे. तिघांच्या गरजा पूर्णपणे वेगळ्या आहेत. दोन पगारी सेवक आणि पाच-सहा स्वयंसेवक यांच्या बळावर चालणारी एक संस्था त्या कितपत भागवू शकते, हे वर्षभर जवळून पाहिल्यानंतर हा अभिप्राय लिहीत आहे. माझे मत आधीच सांगते. या वाचनालयाची ग्रंथसंपदा बेताची आहे, इमारत गैरसोयीची आहे आणि मराठी विभागातील नवी खरेदी फार थोडी आहे. तरीही कपाटातले पुस्तक वाचकाच्या हातात कसे जाईल याचा जेवढा विचार येथे झालेला दिसतो, तेवढा अन्यत्र माझ्या पाहण्यात आलेला नाही.

संस्थेचे नाव मी मुद्दाम देत नाही. पुढे काही उणिवा स्पष्टपणे लिहाव्या लागल्या आहेत, आणि त्या दूर करण्याचे काम जी माणसे विनावेतन करीत आहेत त्यांना आपल्या संस्थेच्या नावासह असे काही वाचावे लागू नये, असे मला वाटते. वाचनालय जुन्या शहरात आहे, दुमजली आहे आणि सकाळी ८ ते १२ व दुपारी ३ ते ७ या वेळांत उघडे असते. मोठ्यांसाठी अनामत ३०० रुपये आणि मासिक वर्गणी ४० रुपये आहे. त्यात एका वेळी दोन पुस्तके आणि एक मासिक १५ दिवसांसाठी मिळते. मुलांकडून केवळ १०० रुपये अनामत घेतली जाते, वर्गणी नाही.

बडोद्यात राहणाऱ्या माणसाने वाचनालयाकडून अधिक अपेक्षा ठेवल्या तर त्या अवाजवी ठरू नयेत, कारण सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे काय याचा धडा या शहराने फार लवकर घेतला होता. तिसरे सयाजीराव १८७५ मध्ये दत्तक येऊन गादीवर बसले, तेव्हा नाशिककडच्या कवळाणे गावातून आलेल्या त्या १२ वर्षांच्या मुलाला लिहितावाचता येत नव्हते. त्यांचे शिक्षण त्यानंतर सुरू झाले. पुढे १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत झाले, आणि त्याबरोबरच एक नवा प्रश्न उभा राहिला: शाळा सोडलेल्या मुलाच्या हाती पुन्हा पुस्तकच आले नाही, तर शिकलेले अक्षर टिकणार कसे? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९१० मध्ये अमेरिकेतील न्यू हेवन येथून विल्यम अ‍ॅलन्सन बोर्डन या ग्रंथपालाला बोलावण्यात आले. तो १९१३ पर्यंत येथे होता. एवढ्या अल्प काळात मध्यवर्ती ग्रंथालयाची उभारणी, ग्रंथपालांचे प्रशिक्षण आणि गावोगावच्या ग्रंथालयांची साखळी या तिन्ही गोष्टी मार्गी लागल्या. महाराजांनी राजवाड्यातील आपला सुमारे २०,००० पुस्तकांचा संग्रह त्यासाठी दिला.

मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या लोखंडी मांडण्या आणि मजल्यामजल्यांमधील काचेच्या जमिनी पाहून पाहुणे थक्क होतात, आणि ते योग्यच आहे. मला मात्र त्या काळातील लाकडी ग्रंथपेट्यांचे अधिक अप्रूप वाटते. ज्या गावात ग्रंथालय नव्हते तेथे पुस्तकांची पेटी जात असे, वाहतुकीचा भार गावावर पडत नसे, आणि पेटी वाचून झाली की दुसरी येत असे. स्त्रियांसाठी वेगळा विभाग होता. मुलांसाठी वेगळी खोली होती व तीत पुस्तकांबरोबर खेळही ठेवलेले असत. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांना चित्रे आणि चलचित्रे दाखवण्यासाठीही एक शाखा काढण्यात आली होती. गावाने ग्रंथालयासाठी जेवढी रक्कम उभी करावी तेवढीच पंचायतीने आणि तेवढीच सरकारने द्यावी, असा नियम होता. त्यामुळे ग्रंथालय सरकारचे असूनही गावाचे राहत असे. मध्य गुजरातच्या चरोतर भागातील मोतीभाई अमीन यांनी मित्रमंडळ वाचनालयांच्या रूपाने हीच कल्पना गुजराती खेड्यांत आधीच रुजवायला घेतली होती. १९१२ मध्ये येथून निघालेल्या ग्रंथालयविषयक त्रैमासिकात इंग्रजी आणि गुजराती यांच्या जोडीने मराठी विभागही होता, ही गोष्ट आज इथल्या मराठी घरांतही फारशी कोणाला माहीत नसते.

आजच्या एखाद्या लहान वाचनालयाचे मोल करताना मी याच कसोट्या लावते. पुस्तक न मागणाऱ्यापर्यंत ते पोचते का? बायका, मुले, म्हातारी माणसे यांना तेथे हक्काची जागा आहे का? आणि ज्याला अजून नीट वाचता येत नाही, त्याला परत पाठवले जाते की बसवून घेतले जाते?

प्रथम मुलांच्या उपक्रमाविषयी सविस्तर लिहिते, कारण आमचे सभासदत्व त्यामुळेच सुरू झाले. उन्हाळ्याच्या सुटीत मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत ‘सुटीतले वाचन’ या नावाने हा उपक्रम चालतो. प्रत्येक मुलाला एक वही दिली जाते. पुस्तक वाचून झाले की मुलाने ते परत करताना तेथे बसलेल्या स्वयंसेवक ताईला किंवा काकांना त्याविषयी सांगायचे. काय सांगायचे, किती सांगायचे, कोणत्या भाषेत सांगायचे, हे मुलाने ठरवायचे. ताई वहीत पुस्तकाचे नाव, तारीख आणि मुलाने सांगितलेल्यापैकी एक वाक्य लिहितात. सुटीच्या शेवटी ज्याने चार पुस्तके वाचली त्याला आणि ज्याने चाळीस वाचली त्यालाही एकेक पुस्तक भेट मिळते. क्रमांक काढले जात नाहीत.

हे नेहमी असे नव्हते, असे तेथील ग्रंथपाल ताईंनी मला सांगितले. पूर्वी सर्वाधिक पुस्तके वाचणाऱ्या तीन मुलांना बक्षिसे असत. तेव्हा मुले कपाटातून सर्वांत पातळ पुस्तके शोधून नेत, पालक घरी बसून त्यांच्याकडून सारांश पाठ करून घेत, आणि हळू वाचणारी मुले दुसऱ्या आठवड्यापासून येईनाशी होत. उपक्रम ज्यांच्यासाठी होता तीच मुले त्यातून गळत आहेत हे लक्षात आल्यावर कार्यकारिणीने बक्षिसे बंद केली. त्यावर काही पालक नाराज झाले, पण निर्णय बदलला गेला नाही. वाचनाची स्पर्धा लावल्याने वाचन वाढते असा समज आपल्या शाळांत इतका घट्ट बसला आहे की, तो मोडून काढण्याचे धैर्य एका लहान संस्थेने दाखवावे याचे मला मनापासून कौतुक वाटते.

या उपक्रमाची खरी कसोटी आमच्यासारख्या घरांतील मुलांपाशी लागते. बडोद्यातील मराठी घरातल्या मुलाला मराठी बोलता येते, पण ते वाचता येतेच असे नाही. माझा मुलगा इंग्रजी माध्यमात शिकतो. शाळेत त्याला गुजराती आणि हिंदी हे विषय आहेत, मराठी नाही. लिपी देवनागरी असल्यामुळे त्याला मराठी आपोआप वाचता येईल, अशी आमची समजूत होती, आणि ती पहिल्याच दिवशी खोटी ठरली. ‘ळ’ त्याला गुजरातीमुळे ओळखीचा होता. परंतु ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ या शब्दांतील अर्धा र त्याने कोठेच पाहिलेला नव्हता आणि तो प्रत्येक वेळी तेथे अडखळत होता. त्याहून मोठी अडचण च आणि ज यांची होती. घरी बोलताना ‘चार’ आणि ‘चारा’ यांतील च तो आपल्याप्रमाणेच वेगवेगळे उच्चारतो. छापील शब्द समोर आला की मात्र हिंदीच्या सवयीने सगळे च एकाच तऱ्हेने वाचतो, आणि मग स्वतःच्याच भाषेतील शब्द त्याला ओळखू येत नाहीत. ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, हे दोन शब्द लिहायला सारखे आणि उच्चारायला वेगळे आहेत हे त्याला कळले, तेव्हा त्याला झालेला आनंद मी विसरणार नाही.

या अडचणीवर वाचनालयाने काढलेला मार्ग साधा आहे. आठवड्यातून दोन दिवस दुपारी ४ वाजता एक वयस्क आणि एक मूल अशी जोडी बसते. पुस्तक एकच असते. आजी किंवा आजोबा एक परिच्छेद मोठ्याने वाचतात, मूल बोट ठेवून ऐकते, आणि मग तोच परिच्छेद मूल वाचते. चूक झाली तर वाचन थांबवायचे नाही. वाक्य संपल्यावर वयस्काने तो शब्द फक्त पुन्हा उच्चारायचा, एवढाच नियम आहे. शिकवणे वर्ज्य आहे. माझ्या मुलाच्या जोडीला आलेल्या आजी निवृत्त परिचारिका होत्या, शिक्षिका नव्हत्या, आणि कदाचित त्यामुळेच त्यांना हा नियम पाळता आला. सहा आठवड्यांत तो मराठी सफाईने वाचू लागला असे मी म्हणणार नाही. परंतु जूनमध्ये शाळा सुरू झाल्यानंतरही त्याने मराठी पुस्तक मागून घेतले, आणि आमच्या दृष्टीने तेवढे पुरेसे होते. गुजराती घरांतील मुलांसाठी हेच सत्र गुजरातीत चालते, आणि दोन-तीन मराठी मुले दोन्ही सत्रांना बसतात, हे मला या शहराच्या स्वभावाला धरून वाटते.

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी रविवारी सकाळी गोष्टी वाचून दाखवण्याचा तास असतो. तेथे मी दोनदाच गेले आहे. वाचन चांगले होते, परंतु एवढ्या लहान मुलांच्या सत्राला बालविभागाजवळ स्वच्छतागृह नसावे ही गंभीर उणीव आहे, आणि त्यामुळे अनेक आया अर्ध्यातून उठून जाताना मी पाहिल्या.

दुपारी १२ ते ३ वाचनालय बंद असते, आणि घरातले आटोपून बाहेर पडणाऱ्या बायकांना नेमकी तीच वेळ सोयीची असते. ही तक्रार अनेकींनी केली. वेळ बदलणे सेवकांच्या अपुऱ्या संख्येमुळे शक्य झाले नाही, म्हणून संस्थेने पुस्तकेच बाहेर पाठवण्याचे ठरवले. दर बुधवारी २५ पुस्तकांची एकेक पिशवी तीन वेगवेगळ्या सोसायट्यांत एकेका सभासद भगिनीच्या घरी जाते; महिन्याने पिशव्यांची अदलाबदल होते. नोंद एका साध्या वहीत ठेवली जाते आणि पिशवीतील पुस्तकांवर विलंब शुल्क नाही. ही शंभर वर्षांपूर्वीचीच ग्रंथपेटी आहे, फक्त लाकडाऐवजी कापडाची. आमच्या सोसायटीत पिशवी येऊ लागल्यापासून ज्यांनी लग्नानंतर एकही पुस्तक हाती घेतले नव्हते अशा दोन शेजारणी नियमित वाचू लागल्या आहेत. त्यांच्यापैकी एक गुजराती आहेत आणि त्या मराठीतून गुजरातीत आलेले अनुवाद आवर्जून मागतात. पिशवीतील पुस्तकांची निवड मात्र सुधारायला हवी. कादंबऱ्या आणि पाककृती यांच्यापलीकडे बायका काही वाचणार नाहीत असे गृहीत धरलेले दिसते. आम्ही कायदा, प्रवास आणि आरोग्य या विषयांवरील पुस्तके मागितली तेव्हा ती आली, पण मागितल्यानंतर आली.

सासऱ्यांचा अनुभव संमिश्र आहे. बाबांना रोज सकाळी वृत्तपत्रे वाचण्यासाठी बाहेर पडण्याची सवय आहे, आणि घरी पेपर येत असूनही ती सवय मोडू नये असे डॉक्टरांनीही सुचवले आहे. वाचनालयात गुजराती, मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी अकरा वृत्तपत्रे येतात. मराठी अंक एक दिवस उशिरा येतात, परंतु बाबांची त्याविषयी तक्रार नाही. तक्रार आहे ती जिन्याची. आम्ही सभासद झालो तेव्हा वृत्तपत्रांचा कक्ष वरच्या मजल्यावर होता. जिना अरुंद, पायऱ्या उंच, आणि कठडा एकाच बाजूला. ज्या विभागात सर्वाधिक वयाचे वाचक येतात तोच वर असावा, यामागे कोणताही विचार नव्हता; पूर्वीपासून तसे होते एवढेच. पहिल्या तीन महिन्यांत बाबांबरोबर येणारे दोन वृद्ध सभासद येईनासे झाले.

खालचा मोठा कक्ष अभ्यासिकेला दिलेला होता, आणि येथे एक खरा पेच आहे. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारे तरुण सकाळी वाचनालय उघडण्यापूर्वी रांगेत उभे असतात, जागा धरतात, आणि स्वतःची पुस्तके घेऊन सायंकाळपर्यंत बसतात. वाचनालयाच्या पुस्तकांची त्यांना गरज नसते. त्यांच्यामुळे दाखलनोंदवहीतील उपस्थितीचा आकडा फुगतो, तो अनुदानाच्या अर्जात शोभतो, आणि त्याच वेळी सामान्य वाचकाला बसायला खुर्ची उरत नाही. मी या मुलांच्या विरोधात मुळीच नाही. माझा भाचा त्यांच्यातलाच आहे. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसे असताना त्याने अभ्यास कोठे करावा, हा प्रश्न मला माहीत आहे. शांत जागा, दिवा आणि पंखा देणे हेसुद्धा सार्वजनिक वाचनालयाचेच काम आहे. परंतु ते करताना वाचनालय म्हणजे केवळ अभ्यासिका, अशी जी स्थिती अनेक ठिकाणी झाली आहे ती येथेही होऊ लागली होती.

गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही काही सभासदांनी मिळून कार्यकारिणीला पत्र दिले: अभ्यासिका वर न्यावी आणि वृत्तपत्रे खाली आणावीत. तरुणांना जिन्याचा त्रास नाही, आणि वर रस्त्याचा गोंगाटही कमी असतो. तीन बैठका झाल्या. आमच्या अपेक्षेपेक्षा अधिक वेळ लागला, पण जानेवारीत अदलाबदल झाली, आणि टेबले उचलण्याचे काम त्याच परीक्षार्थी मुलांनी एका रविवारी केले. बदल्यात त्यांनी अभ्यासिकेची वेळ रात्री ९ पर्यंत वाढवून मागितली व कक्ष बंद करण्याची जबाबदारी पाळीपाळीने स्वतःकडे घेतली. खाली आता बारा खुर्च्या वृत्तपत्रवाचकांसाठी राखीव आहेत आणि एका टेबलावर भिंग असलेला दिवा बसवला आहे. येईनासे झालेल्या दोघांपैकी एक आजोबा पुन्हा येऊ लागले आहेत.

बाबांना सर्वांत अधिक आनंद ज्या उपक्रमाने दिला तो मोडी वाचनाचा होता. बडोदे संस्थानाचे जुने दप्तर मोठ्या प्रमाणावर मोडीत आहे, आणि येथील अनेक मराठी कुटुंबांकडे सनदांच्या नकला, पावत्या, पत्रे अशी मोडी कागदांची बोचकी वर्षानुवर्षे न उघडता पडून आहेत. वाचनालयाने हिवाळ्यात आठ शनिवार मोडीचा वर्ग घेतला. पहिले चार आठवडे अक्षरओळख, पुढचे चार आठवडे सभासदांनी घरून आणलेल्या कागदांचे सामूहिक वाचन, अशी योजना होती. मोडीत लेखणी न उचलता लिहीत जाण्याची रीत असल्यामुळे एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो, हेच आधी कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही सहसा पाळलेला नसतो, म्हणून अर्थ संदर्भावरून लावावा लागतो. एकट्याने बसून हे करणे कंटाळवाणे होते, पण दहा-बारा जण एका टेबलाभोवती बसले की एकाला रक्कम कळते, दुसऱ्याला महिना कळतो आणि तिसऱ्याला गावाचे नाव. आमच्याकडच्या ज्या कागदाला घरात सगळे जण जमिनीचा कागद समजत होते, तो बाबांच्या पणजोबांना मिळणाऱ्या वर्षासनाची, म्हणजे वार्षिक नेमणुकीची, पावती निघाला. जमीन नाही याचे कोणालाच वाईट वाटले नाही. बाबांनी त्या पावतीची देवनागरी नक्कल स्वतःच्या हाताने करून मुलाकडे दिली आहे. वर्ग घेणाऱ्या गृहस्थांनी कागद पुसू नयेत, त्यांना चिकटपट्टी लावू नये आणि ते प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडून ठेवू नयेत, हे पहिल्याच दिवशी बजावले होते. ही माहिती ज्यांच्या घरी असे कागद आहेत त्या सर्वांना उपयोगी पडावी म्हणून येथे लिहिते.

संगणकावरील सोयींबाबत मात्र संस्था मागे आहे. दोन संगणक आहेत, त्यांपैकी एक बहुधा बंद असतो. खरे पाहता कमी पैशांत सर्वाधिक वाचनसाहित्य याच मार्गाने देता आले असते. मराठी विश्वकोश महाजालावर विनामूल्य आहे. बालभारतीच्या ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक विनामूल्य वाचता येतात, आणि ज्या गावात मराठी बालसाहित्याचे दुकान नाही त्या गावातील मुलांना याहून चांगला ठेवा मिळणार नाही. राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. ज्यांना दृष्टिदोषामुळे छापील मजकूर वाचता येत नाही त्यांच्यासाठी २०१६ मध्ये सुरू झालेले ‘सुगम्य पुस्तकालय’ आहे. यांपैकी एकाचीही माहिती देणारा साधा फलक वाचनालयात नव्हता. मी विचारल्यावर ग्रंथपाल ताईंनी मला माहिती लिहून द्यायला सांगितले, आणि दुसऱ्या आठवड्यात तो कागद सुवाच्य अक्षरांत, गुजराती आणि मराठीत, प्रवेशद्वारापाशी लावलेला होता. माणसे ऐकून घेतात, हा या संस्थेचा मोठा गुण आहे. मात्र सुचवल्याशिवाय काही घडत नाही, हेही तेवढेच खरे.

पुस्तकांच्या सूचीचा गोंधळ तातडीने निस्तरायला हवा. जुनी पुठ्ठ्याची कार्डे १९९० च्या दशकानंतर अद्ययावत केलेली नाहीत. संगणकावरील यादीत मराठी पुस्तकांची नावे रोमन अक्षरांत टाकली आहेत, आणि ती टाकणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या समजुतीप्रमाणे स्पेलिंग केल्यामुळे एकाच लेखकाची नावे तीन-तीन ठिकाणी विखुरली आहेत. पुस्तक आहे की नाही हे शेवटी ताईंच्या स्मरणशक्तीवर अवलंबून राहते. त्यांची स्मरणशक्ती असामान्य आहे, परंतु त्या दोन वर्षांनी निवृत्त होणार आहेत. नव्या मराठी पुस्तकांची खरेदी वर्षाला साठ-सत्तरच्या पुढे जात नाही, त्यातही दिवाळी अंकांवर बराच खर्च होतो. दिवाळी अंकांची योजना लोकप्रिय आहे, अंक हातोहात फिरतात, मार्चपर्यंत त्यांची पाने सुटतात. तरी त्यातील निम्मी रक्कम बालविभागाकडे वळवावी असे माझे मत आहे. पावसाळ्यात मागील भिंतीला ओल येते आणि त्या बाजूच्या कपाटांतील पुस्तकांना कसर लागलेली आहे. कपाटे भिंतीपासून हातभर पुढे ओढून घेतली तरी बराच फरक पडेल.

एका प्रसंगी या संस्थेने दाखवलेली समज मात्र लिहायलाच हवी. २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले तेव्हा नदीकाठच्या वस्त्यांतील अनेक घरांत पुस्तके भिजली. माझी नणंद तेव्हा या वाचनालयाची सभासद होती. तिच्या घरातल्या दोन्ही पुस्तकांचा लगदा झाला होता. नियमाप्रमाणे किंमत भरावी लागेल या संकोचाने ती दोन महिने तिकडे फिरकली नाही. नोव्हेंबरमध्ये वाचनालयातूनच तिला फोन आला: पुरात गेलेल्या पुस्तकांची भरपाई कोणाकडूनही घेतली जाणार नाही, आपण यावे आणि नवी पुस्तके न्यावीत. आम्हाला या वाचनालयाचे नाव तिच्याकडूनच कळले.

मुलाच्या बाबतीत सध्या एक अडचण आहे. बालविभागातील रेल्वेविषयीची तिन्ही पुस्तके त्याने वाचून संपवली आहेत आणि आता त्याला मोठ्यांच्या विभागातील, घाटांतून रूळ कसे टाकले याची माहिती आणि नकाशे असलेले जाड पुस्तक हवे आहे. नियमानुसार १४ वर्षांखालील मुलांना त्या विभागात प्रवेश नाही. ते पुस्तक माझ्या नावावर काढून देणे सोपे होते आणि ताईंनी तसे सुचवलेही. परंतु पुस्तक स्वतः शोधून, स्वतःच्या कार्डावर घेऊन जाण्याची त्याची इच्छा आहे, आणि ती मला रास्त वाटते. पालकांची संमती असल्यास १० वर्षांवरील मुलांना मोठ्यांच्या विभागात प्रवेश मिळावा, असा अर्ज मी कार्यकारिणीला दिला आहे. मुलाला ऑगस्टमध्ये दहावे वर्ष पूर्ण होईल. बैठक जुलैच्या दुसऱ्या शनिवारी आहे.